दगडी हत्यारे नळाखाली धरू नका

महोदय,

कातळशिल्पांमुळे कोकणच्या सड्यांवर (जांभ्याच्या पठारांवर) हौशी मंडळींची वर्दळ वाढली आहे. गारेचे किंवा चर्टचे (गारेसारख्याच कठीण दगडाचे) नखाएवढे पाते, म्हणजे आदिमानवाचे दगडी हत्यार, सापडले की ते आधी नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासले जाते. पाते चकचकीत होते, पण त्याने काय कापले होते याचा पुरावा मोरीत जातो.

जांभ्याची माती आम्लधर्मी. तिच्यात हाडे टिकत नाहीत. म्हणून इथे धारेच्या खाचांत अडकलेल्या, कापलेल्या प्राण्यांच्या प्रथिनांचे मोल जास्त. जॉर्डनमधल्या अझराक येथील सुमारे अडीच लाख वर्षांपूर्वीच्या हत्यारांवर घोडा, गेंडा, उंट, बदक यांचे अंश मिळाल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले.

पाते मुळात उचलूच नये. जागेवर फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवावे. उत्खननात मात्र पावडर नसलेले हातमोजे घालावेत (पावडर म्हणजे बहुधा स्टार्च, वनस्पतींचे अंश शोधताना तीच घात करते). प्रत्येक पाते न धुता वेगळ्या फॉइलमध्ये ठेवावे. दमट प्लॅस्टिक पिशवीत बुरशी धरते आणि प्रथिने फस्त करते. शेजारची चिमूटभर माती वेगळी घ्यावी.

पात्यावरचा अंश तपासताना लघवीतले रक्त तपासायची पट्टी हिरवी झाली म्हणजे रक्त सापडले, असे मुळीच नाही. लोह, मँगनीज, हरितद्रव्य यांनीही ती हिरवी होते, आणि जांभा तर लोहानेच लाल! ईडीटीए (धातूंना बांधून ठेवणारे रसायन) घालून पुन्हा तपासल्यावर रंग आला नाही, तर ती करामत धातूची समजावी. पुढची पायरी प्रतिद्रव्यांची (ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या अँटिबॉडींची). पाच टक्के अमोनियाच्या द्रावणात अंश उतरवायचा, जेलीसारख्या थराच्या एका खळग्यात तो आणि समोरच्यात एखाद्या प्राण्याच्या प्रथिनांविरुद्धचे प्रतिरक्तद्रव (अशी प्रतिद्रव्ये असलेला द्रव) घालून वीजप्रवाह सोडायचा. जुळले तर मधे साक्याची रेघ उमटते. तीही बहुधा प्राण्याचे कूळच सांगते; गाय की म्हैस हे नाही. शेजारच्या मातीनेही तीच रेघ दिली, तर निष्कर्ष बाद.

उघड्या सड्यावर ऊन आणि कोकणातला पाऊस झेललेल्या पात्यावर काही उरले असेल, अशी आशा फार धरू नये. गुहागरची सुसरोंडी, कणकवलीची कोळोशी अशा गुहांतल्या थरांकडून जास्त अपेक्षा. आधीच धुतलेली पाती मात्र टाकू नयेत, त्यांच्या धारेची झीज सूक्ष्मदर्शकाखाली अजून वाचता येते.

– पुरातत्त्वाचे काही अभ्यासक, रत्नागिरी