गर्दीच्या छायाचित्रात धूर दिसत नाही

संपादक महोदय,

दर वर्षी ११ जुलैला, जागतिक लोकसंख्या दिनी, आपल्या आणि इतरही दैनिकांत एक छायाचित्र ठरल्यासारखे येते. माणसांनी ओसंडलेला रस्ता, किंवा टपही दिसणार नाही इतकी माणसे लटकलेली रेल्वेगाडी. देश बहुधा गरीब. खाली पृथ्वीला हा भार सोसवत नसल्याची ओळ. मी महाविद्यालयात लोकसंख्या भूगोल शिकवून निवृत्त झाले. असली छायाचित्रे पाहून विद्यार्थी जो निष्कर्ष काढत, तोच आता शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकते: माणसे कमी करा, पर्यावरण आपोआप सुधारेल. हा समज मला घातक वाटतो, म्हणून हे पत्र.

संख्येचा ताण खरा आहे, त्याबद्दल दुमत नाही. जगाची लोकसंख्या १ अब्ज झाली ती १८०४ च्या सुमारास. १९७४ मध्ये ती ४ अब्ज होती आणि संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ८ अब्ज झाली. अर्ध्या शतकाच्या आत दुप्पट. एवढ्या लोकांना पोसण्यासाठी राहण्याजोग्या जमिनीपैकी जवळजवळ निम्मी शेती आणि चराईखाली गेली आहे. नद्या, तलाव आणि भूजलातून आपण जे गोडे पाणी उपसतो, त्यातले सुमारे ७० टक्के शेती पिते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पृथ्वीवरील सर्व सस्तन प्राण्यांच्या एकत्रित वजनाचा अंदाज मांडला होता: पाळीव जनावरे ६० टक्के, माणूस ३६ टक्के आणि उरलेले सगळे वन्य प्राणी, हत्तीपासून देवमाशापर्यंत, मिळून ४ टक्के. हे तीन आकडे फळ्यावर लिहिले की वर्ग गप्प होत असे. आजही ते लिहिताना मला वाईट वाटते.

पण दुसरा हिशेब मांडून पाहा. १९५० मध्ये जगात सुमारे अडीच अब्ज माणसे होती. तेव्हापासून माणसे वाढली सव्वातीन पट. कोळसा, तेल आणि वायू जाळून हवेत सोडला जाणारा कार्बन डायऑक्साइड मात्र वर्षाला ६ अब्ज टनांवरून ३७ अब्ज टनांच्या आसपास गेला, म्हणजे सहा पट. प्लास्टिकचे उत्पादन वर्षाला २० लाख टनांवरून ४० कोटी टनांच्या पुढे गेले, म्हणजे दोनशे पट. ही वाढ केवळ डोकी वाढल्याने झालेली नाही. आणि ती सगळीकडे सारखी वाटलेलीही नाही. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये माणशी ०.१ टनाच्या आसपास. छायाचित्रातल्या गर्दीत असा एकही माणूस नसेल, की ज्याच्या वाट्याचा धूर त्या छायाचित्राकडे पाहून हळहळणाऱ्या सुखवस्तू माणसाइतका असेल.

नायजरचे नाव मुद्दाम घेतले. हा बव्हंशी वाळवंटी देश. शेती होते ती दक्षिणेकडच्या चिंचोळ्या पट्ट्यात. १९५० मध्ये सुमारे २५ लाख लोकसंख्या होती, २०२२ पर्यंत ती २ कोटी ६० लाखांवर गेली. दर स्त्रीमागे सहाच्या आसपास मुले. जमीन पडीक ठेवून तिला विसावा द्यायची जुनी रीत माणसे वाढली तशी आखडत गेली. लोकसंख्येचा पर्यावरणावरील परिणाम शिकवायला याहून ढळढळीत उदाहरण सापडणार नाही, असे कोणालाही वाटेल. आणि याच देशाच्या माराडी आणि झिंडेर या दाट वस्तीच्या भागांत १९८० च्या दशकापासून झाडे वाढली! शेतात जुन्या बुंध्यांना, मुळांना फुटणारे धुमारे शेतकऱ्यांनी तोडायचे थांबवले, त्यांतले सशक्त राखले, बाकीचे छाटले. पूर्वी झाडावर मालकी सरकारची, म्हणून ते राखण्यात शेतकऱ्याला रस नव्हता. झाड आपले मानता येऊ लागले तसा तो जपू लागला. सुमारे ५० लाख हेक्टरांवर अशी हिरवाई परतली. माणसे वाढत असतानाच परतली. नायजरचे दारिद्र्य त्यामुळे संपलेले नाही, आणि तिथल्या बायकांना मुलांची संख्या ठरवता येणे तितकेच गरजेचे आहे. तरीही जमीन उजाड होणार की नाही हे डोकी मोजून सांगता येत नाही, एवढे या उदाहरणावरून मला पक्के वाटते.

‘लोकसंख्या रोखली की काम झाले’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून आणखी एक गोष्ट निसटते. लोकसंख्या मनोरा, म्हणजे कोणत्या वयाची किती माणसे आहेत हे खालून वर थरांनी दाखवणारी आकृती, शिकवताना मी त्याच्या पायापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबत असे. पाया रुंद असेल, म्हणजे लहान मुले पुष्कळ असतील, तर उद्यापासून प्रत्येक जोडप्याने दोनच अपत्ये ठरवली तरी लोकसंख्या वाढत राहते. कारण ती मुले मोठी होऊन आईबाप होतात आणि त्या काळात वारणाऱ्या वृद्धांची पिढी संख्येने लहान असते. चीनमध्ये जननदर, म्हणजे दर स्त्रीमागची सरासरी मुले, २.१ च्या खाली, एका पिढीची जागा पुढची पिढी जेमतेम भरून काढते त्या पातळीखाली, गेला तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. लोकसंख्या प्रत्यक्ष घटू लागली २०२२ मध्ये. मधे तीस वर्षे गेली. भारताचा जननदरही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.० वर आला आहे, तरी आपली संख्या अजून काही दशके वाढणार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकात १०.३ अब्जांच्या आसपास पोचेल आणि मग उतरू लागेल. हवामानाच्या दृष्टीने निर्णायक आहेत ती येती वीस-तीस वर्षे. त्या काळातल्या माणसांपैकी बहुतेक आधीच जन्मलेली आहेत. त्यांची संख्या कोणत्याही कायद्याने बदलणार नाही; त्यांची वीज कोळशातून येईल की उन्हातून, हे मात्र बदलू शकते.

सक्तीच्या उपायांचे गोडवे गाणाऱ्यांनी आणीबाणीतल्या नसबंदीच्या मोहिमा आठवाव्यात. माणसांची विटंबना झाली आणि कुटुंबनियोजन या चांगल्या कामाबद्दल लोकांच्या मनात भीती बसली. याउलट बांगलादेशात १९७० च्या दशकात दर स्त्रीमागे जवळजवळ सात मुले होती, आज दोनाच्या थोडी वर. तिथे आरोग्यसेविका घरोघरी गर्भनिरोधके घेऊन गेल्या, बायकांशी बायकांसारख्या बोलल्या. मुली शाळेत गेल्या, बालमृत्यू घटले. जगातल्या एकूण गर्भधारणांपैकी जवळजवळ निम्म्या, वर्षाला १२ कोटींहून अधिक, त्या स्त्रीने ठरवलेल्या नसतात, असे संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीने २०२२ मध्ये सांगितले. या बायकांना नको असलेले बाळंतपण टाळता यावे, ते त्यांच्या स्वतःच्या आयुष्यासाठी. पृथ्वी वाचवण्याचे ओझे त्यांच्या पोटावर टाकू नये, कारण ती बिघडवण्यात त्यांचा वाटा सगळ्यात कमी आहे.

आपले दैनिक लाखो घरांत वाचले जाते आणि शाळेतली मुले त्यातली कात्रणे प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात, म्हणून एक विनंती करते. पुढच्या ११ जुलैला गर्दीच्या छायाचित्राशेजारी निरनिराळ्या देशांतले माणशी उत्सर्जन, माणशी वीजवापर आणि दर स्त्रीमागे असणारी मुले, असा छोटा तक्ता द्यावा. जागा एकाच चौकटीपुरती असेल, तर छायाचित्र वगळून तक्ता छापावा.

आपली,
एक निवृत्त भूगोल प्राध्यापिका