टीव्हीच्या कपाटाचं शटर सोडवून देणाऱ्या काकांना

काका, स. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाहीये. तशी तंबीच आहे तुमची. तुमच्याकडे अजून बटणाचा फोन, तेव्हा सूनबाईंना हे मोठ्याने वाचायला सांगा. मध्येच "पुरे, पुरे" म्हणू नका.

पेठेतलं घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांचा टीव्ही सापडला. सत्तरच्या दशकातला, कृष्णधवल, लाकडी कपाटातला. चार निमुळते तिरके पाय, दोन बाजूंना सरकणारं पट्ट्यांचं शटर आणि त्याला कुलूप. १९७३मध्ये सिंहगडावरून पुण्याला मुंबई दूरदर्शन दिसायला लागलं, तेव्हा वाड्यातल्या सगळ्या अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या असायच्या, असं बाबा सांगतात. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, आणि जोत्यापर्यंत बसलेली माणसं. परीक्षा आली की आजी शटर ओढून कुलूप लावायची आणि किल्ली कनवटीला. एका फर्निचरवाल्याला कपाट दाखवलं, तर म्हणाला, "भंगारात द्या, मी नवं करून देतो." मला ते रंगवून घरात ठेवायचं होतं. मग कोणीतरी तुमचं नाव सुचवलं. "टीव्ही दुरुस्त करायचे ते. आता कोण टीव्ही दुरुस्त करतं? रिकामेच असतील."

रिकामे कसले! आलात ते आधी माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतलात. मी मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा उघडून पिक्चर ट्यूब ओढायच्या तयारीत होते. तुम्ही म्हणालात, "हिच्या डोक्यावरच्या रबरी टोपीखाली चालू असताना १५ हजार व्होल्ट असतात. इतक्या वर्षांत उतरले असतील. पण मी कधी 'असतील'वर हात घातला नाही." मग वायरचं एक टोक पत्र्याच्या सांगाड्याला, दुसरं स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला, एक हात पाठीमागे, आणि टोपीखाली टोक सरकवलंत. काहीच झालं नाही. मला थोडं वाईटच वाटलं, ठिणगी बघायची होती. ट्यूबची मान मात्र तुम्ही तान्ह्या बाळाची धरावी तशी धरलीत. आत निर्वात पोकळी असते, मान मोडली तर काचा उडतात, आणि काचेत शिसं असतं म्हणून ती भंगारवाल्याकडे फोडायला द्यायची नाही, ई-कचऱ्यात जमा करायची, हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी दोनदा मी ती एकटीने हलवली होती. हे घरी कोणाला माहीत नाही. आता कळेल.

तुम्ही गेल्यावर मी जो पराक्रम केला, तो इथे कबूल करते. भाड्याने घासायचं मशीन आणलं आणि डाव्या कोपऱ्यात सागाचं विनियर पार घासून खालचा प्लायवूड बाहेर काढला. मग प्रायमरचा हात दिला, तर वरच्या फळीवर पिवळे डाग उमटले. आजी त्यावर समई ठेवायची. तेल चाळीस वर्षं लाकडात मुरलं होतं, ते पांढऱ्या रंगातून वर आलं. आणि कळस म्हणजे शटर. मी त्यावर ऑइलपेंटचे दोन जाड हात मारले, खाचेतसुद्धा. दुसऱ्या दिवशी ते अर्ध्यावर जे बसलं ते बसलं. जोर लावला तर तीन पट्ट्या सुटून हातात आल्या.

तुम्हाला फोन करताना मला लाज वाटत होती. तुम्ही फक्त विचारलंत, "शटर उघडल्यावर जातं कुठं, बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. ते कोपऱ्यावरून वळून बाजूच्या भिंतीत जातं, आणि आत आणखी एक पातळ फळी असते, सामान शटरला लागू नये म्हणून. मी तीच फळी 'जागा खाते' म्हणून उपटायला निघाले होते.

पुढचे तीन रविवार तुम्ही आमच्या गच्चीत चटई टाकून बसलात. गरम पाण्याच्या फडक्याने जुना सरस मऊ करून एकेक पट्टी सोडवलीत आणि पाठीवर पेन्सिलीने आकडे घातलेत. एका बाजूच्या ३८, दुसरीच्याही तेवढ्याच. "क्रम चुकला तर लाकडाच्या रेषा जुळत नाहीत." मी म्हटलं, रंग देणारच आहे ना वरून. तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. पट्ट्या उलट्या मांडून, काटकोनाचा गुण्या लावून, दोन रिपांच्या मध्ये दाबून त्यावर नवं मांजरपाटाचं कापड चिकटवलंत. गोंद फटीत उतरला की पुसायचा, नाहीतर वळणावर शटर ताठ होतं. रंग पातळ, स्पंजच्या रोलरने, फक्त दर्शनी बाजूला. खाचेत जाणारी टोकं कोरी. आणि सगळं वाळल्यावर, आधी नव्हे, खाचेत मेणबत्ती घासायची, कारण मेणावर रंग धरत नाही. समईचे डाग थिनरने पुसून त्यावर चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हात दिलात, मग प्रायमर. परत पिवळं आलं नाही. घासलेल्या कोपऱ्यात लांबी (पुट्टी) भरली आहे, ती मला दिसते, बाकी कोणाला नाही.

बाहेरून मोरपंखी, आतून हळदी. मोरपंखी तुम्हाला पसंत नव्हता. "सागाला कोणी असं झाकतं का?" असं तुम्ही पहिल्या दिवशीही म्हणालात आणि शेवटच्याही. मला पटलं नाही, अजूनही नाही. पण स्पीकरसमोरचं सोनेरी जाळीचं कापड तुमच्या हट्टाने तसंच राहिलं आणि ते फार छान दिसतं.

पैसे काही केल्या घेतले नाहीत. चॅनेल फिरवायचं गोल बटण तेवढं मागितलंत आणि खिशात टाकायच्या आधी चारदा कटकट फिरवलंत. दुकान बंद केल्यावर सगळे सुटे भाग किलोवर विकले, हे तेव्हा बोललात. आधी नाही, नंतर नाही.

कपाट आता आजीच्या खोलीत आहे. टीव्ही होता तिथे दोन कप्पे. त्यात तिच्या पोथ्या, चष्म्याची घरं, लोकरीचे गुंडे आणि आम्हाला न सांगता ठेवलेली राजगिऱ्याची वडी. तुम्ही कुलूप तेल घालून चालू केलंत, ही मात्र चूक झाली. किल्ली परत तिच्या कनवटीला आहे.

येत्या रविवारी जमेल का? उजवं शटर पावसापासून थोडं अडतंय. मेणबत्ती आणून ठेवलीय, पण मी हात लावलेला नाही.

तुमची,
मशीनने विनियर घासणारी

ता. क. बटण घरी कुठे लावलंत, ते सूनबाईंना फोटो काढून पाठवायला सांगा.