पुड्या सांगितल्या, जागा कोण सांगणार?

मा. संपादक,

आपल्या शेतीविषयक पुरवणीत ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या उन्हाळी खाद्यपूरकांवरचा लेख वाचला. व्हिटॅमिन सी, इलेक्ट्रोलाइट, बीटेन, लिव्हर टॉनिक अशी भली मोठी यादी दिली आहे. शेडमध्ये पक्षी किती टाकायचे, याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

पूरके सगळी निरुपयोगी आहेत, असे मी म्हणत नाही. कोंबडीला घाम येत नाही. धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर काढते. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल ढळतो आणि खाणे तुटते. अशा वेळी पाण्यातून दिलेला खाण्याचा सोडा कामी येतो. व्हिटॅमिन सी कोंबडी एरवी स्वतःच तयार करते, पण उन्हाच्या ताणात ते पुरत नाही. इथवर लेख बरोबर आहे. (लिव्हर टॉनिक निम्म्या ठिकाणी केवळ सवयीने दिले जाते, हे माझे मत.)

पण दाटीच्या शेडमध्ये हेच अंगाशी येते. सोडा-मीठ जास्त झाले की पक्षी पाणी जास्त पितो, विष्ठा पातळ होते आणि शेडमध्ये खाली अंथरलेले तूस भिजते. पक्षी विक्रीला उचलायच्या सुमारास ते मुठीत दाबून पाहा, गोळा होऊन हाताला चिकटते. वर खपली, खाली चिखल. पक्ष्यांचे तळपाय काळे पडतात आणि शेडमध्ये वाकले की अमोनियाने आपलेच डोळे चुरचुरतात. पक्षी तर चोवीस तास त्याच उंचीवर असतो! मग अमोनिया कमी करायला युक्का या वनस्पतीची पावडर येते, श्वासाच्या त्रासावर आणखी काही. वास्तविक तूस रोज हलवले, गळकी पाण्याची भांडी (ड्रिंकर) दुरुस्त केली आणि पक्षी विरळ ठेवले, तर यातल्या बऱ्याच पुड्यांची गरजच पडत नाही.

युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमांत मूळ मर्यादा दर चौरस मीटरला ३३ किलो वजनाची आहे. जादा अटी पाळल्यास ४२ पर्यंत. आपल्याकडे पक्ष्याला एक चौरस फूट धरतात, म्हणजे पक्षी दोन किलोचा असेल तर चौरस मीटरला साधारण साडेएकवीस किलो. कागदावर आपणच उदार! पण एवढी दाटी करायची तर तिकडे हवा खेळवण्याची यंत्रणा लागते. इकडे पडदे, ओले गोणपाट आणि वीज असली तर पाण्याचे तुषार उडवणारे फॉगर. विदर्भ-खानदेशात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा हा एक फूट पुरत नाही.

कंपनीशी करार करून पक्षी वाढवण्याच्या पद्धतीत अडचण वेगळी. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज, तूस, मजुरी शेतकऱ्याची. पक्षी कमी टाकले तर किलोवर मिळणारा मोबदला घटतो, वीजबिल मात्र फारसे उतरत नाही. औषधाचा खर्च बॅचच्या उत्पादन खर्चात धरला, तर तोही शेवटी शेतकऱ्याच्याच दरावर बसतो.

खाद्यपूरकांत काय मिसळले जायचे, हेही विसरू नये. माणसांसाठी शेवटचा पर्याय म्हणून राखलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबडीच्या खाद्यात घालायला केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. युरोपात वाढीसाठी प्रतिजैविके देणे २००६ पासूनच बंद आहे.

पशुसंवर्धन विभागाने करारपत्रात उन्हाळी पक्षीसंख्या लेखी घालायला लावावी आणि ती पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मोबदला कापला जाणार नाही, हेही त्यातच यावे. पूरकांच्या प्रत्येक पाकिटावर सोडियमचे (सोडा-मिठातल्या घटकाचे) प्रमाण मराठीत छापलेले असावे. आणि आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी पूरकांची यादी द्याल, तेव्हा तिच्या वरच्या ओळीत दर पक्ष्याला किती चौरस फूट जागा हवी, ते लिहावे.

— एक ब्रॉयलर उत्पादक, जि. जळगाव