नंबर नसलेला तुकडा

सोहार, ओमान
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.
ती. आई-बाबांना आणि आजीला साष्टांग नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी प्लँटवरून नुकतीच खोलीवर आले होते. इकडे साडेनऊ, म्हणजे तुमच्याकडे अकरा. आपल्या बेळगावजवळच्या येळ्ळूरात अकराला जागं कोण असतं? तेव्हाच काळजात धस्स झालं. मुंबईचा एजंट दीड लाख मागतोय, सहा सर्टिफिकेटं आणि व्हिसा देतो म्हणतोय, आणि बाबा सोसायटीचं कर्ज काढायला निघालेत, हे ऐकल्यावर मी नीट बोलूच शकले नाही. शटडाऊन चालू आहे, म्हणजे तपासणी-दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवलाय, बारा-बारा तास उभी असते. आज अर्धा दिवस सुट्टी मिळाली, म्हणून बसून लिहिते.

पैसे देऊ नका. एक रुपयासुद्धा नाही. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारकडे नोंदणी करावी लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव घालून बघ, सापडतंय का. आणि नोंदणी असली तरी उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायची त्याला मुभा नाही. जो दीड लाख मागतो, तो पहिल्याच वाक्यात काय ते सांगून गेला. बाबांना म्हणावं, सोसायटीचा अर्ज फाडून टाका.

आता त्या सहा सर्टिफिकेटांबद्दल. त्याने तुला एनडीटी, म्हणजे वस्तू न फोडता करायची तपासणी, तिच्या लेव्हल टूचा कागद आठ दिवसांत देतो म्हणून सांगितलं. अरे, अमेरिकन पद्धतीत, म्हणजे एसएनटी-टीसी-१ए या मार्गदर्शिकेप्रमाणे, तुला लेव्हल टू ठरवायचं काम तू जिथे नोकरी करतोस त्या कंपनीचं असतं. वर्गातले तास हवेत, हातात मोजणीचा प्रोब धरून काम केल्याचे तास हवेत, मग परीक्षा. क्लासवाल्याच्या नुसत्या कागदावर इथे कुणी तुला पाइपला हात लावू देणार नाही. एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, तिच्या ५१० आणि ५७० या माझ्या परीक्षा. एक प्रेशर व्हेसलची, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाकीची, दुसरी पाइपिंगची. फॉर्म भरतानाच ते आधीचा अनुभव मागतात, आणि पास झाल्यावरही दर ३ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्या परीक्षा तू जरूर दे. खरं त्या कामानंतर येतात, कामाआधी नाही.

मग आधी काय, असं तू विचारशील. आधी बाबांची वही.

तू लहान होतास, तुला आठवणार नाही. बाबा उद्यमबागेतल्या फौंड्रीतून रात्री यायचे, सायकलीच्या हँडलला डबा, आणि सदऱ्याच्या खिशात ती काळ्या पुठ्ठ्याची वही. भट्टीची प्रत्येक हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू, तीत असायची. नंबर, वेळ, किती भंगार, किती पिग आयर्न, ओतताना धातू कसा वाहिला. ऑफिसात वेगळं रजिस्टर होतंच. ही त्यांची स्वतःची. जेवल्यावर आजीच्या दिव्याखाली बसून अक्षर गिरवल्यासारखं लिहायचे. आई म्हणायची, ह्या माणसाला दहावीची परीक्षा द्यायची आहे काय! मला तेव्हा कळत नव्हतं. कळायला नोकरीला लागून चार महिने जावे लागले.

ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. बाबांना माहीत आहे. पहिली नोकरी, फॅब्रिकेशन शॉपमध्ये क्वालिटीची ट्रेनी. प्लेट कापायच्या आधी तिच्यावरचा हीट नंबर प्रत्येक तुकड्यावर पंच करून घ्यायचा, एवढंच माझं काम. एका दुपारी मी जेवायला गेले आणि गॅस कटरवाल्याने प्लेट कापून टाकली. परत आले तर दोन तुकडे बिननंबरचे. शेजारी दुसऱ्या प्लेटचे तुकडे पडलेले. एक साधं पोलाद, दुसरं कडक थंडीतही न तडकणारं. जाडी तीच, रंग तोच, उचलून बघ, वजनही तेच. हे त्याचेच असणार असं मनाशी ठरवून मी अंदाजाने नंबर मारला.

रात्री घरी आले, घास उतरेना. बाबांनी विचारलं, मी सांगितलं. ते रागावले नाहीत. वही बाजूला ठेवली आणि म्हणाले, "नंबर नसलेला तुकडा म्हणजे भंगार. खोट्या नंबराचा तुकडा भंगाराहून वाईट. भंगार निदान कुणी वापरत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुपरवायझरला जाऊन सांगितलं. सगळ्यांसमोर ओरडा खाल्ला, तुकडे भंगारात गेले, आठवडाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. आज तेरा वर्षं झाली. कुठल्याही कागदावर सही करताना पेन टेकवायच्या आधी ते दोन तुकडे डोळ्यांसमोर येतात.

माझं सध्याचं काम नेमकं काय, असं आजी विचारत असते. तिला सांग, पाइप आणि टाक्या आतून किती झिजल्या ते बाहेरून मोजते. तुला जरा खोलात सांगते. समज, एका व्हेसलची जाडी बसवताना १२ मिमी होती. ८ वर्षांनी अल्ट्रासॉनिकने मोजली, ९.६ भरली. म्हणजे वर्षाला ०.३ मिमी झीज. दाब सोसायला किमान ७.५ लागते. उरली २.१. भागिले ०.३, म्हणजे ७ वर्षं आयुष्य. कोड, म्हणजे तपासणीची नियमावली, म्हणतो, त्याच्या निम्म्या काळात, किंवा १० वर्षांत, जे आधी येईल तेव्हा परत तपासा. म्हणजे साडेतीन वर्षं. पाचवीचं गणित आहे. यात इंजिनिअर कुठे लागतो?

लागतो तो असा. मागच्या वेळी मोजणाऱ्याने नेमकी कुठे मोजली? एल्बोच्या, म्हणजे वाकलेल्या पाइपच्या, बाहेरच्या वळणावर की आतल्या? त्याने नुसतं 'एल्बो' लिहून ठेवलं असेल, आणि मी या खेपेला दुसऱ्या बाजूला प्रोब लावला, तर आकडा मागच्यापेक्षा जास्त येतो. कागदावर लोखंड वाढलेलं दिसतं! अशी रीडिंग मी स्वतः बघितली आहेत, एकदा नाही, कितीतरी वेळा. आठ वर्षांपूर्वी कुणीतरी दोन शब्द लिहायचा कंटाळा केला, म्हणून आज त्या पाइपचं आयुष्य कुणालाच ठाऊक नाही. तुझ्या कॉलेजात थर्मो शिकवतात, फ्लुइड शिकवतात, हे दोन शब्द लिहायला कुणी शिकवत नाही. मला याची फार तळमळ आहे, बाळू.

आमच्या धंद्यात ६ जुलै १९८८ ही तारीख सगळ्यांना पाठ असते. स्कॉटलंडच्या बाजूला उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा प्लॅटफॉर्म होता. कंडेन्सेट, म्हणजे गॅसमधून निघणारं हलकं तेल, ढकलणारे दोन पंप. त्यातला एक दुरुस्तीसाठी बंद होता, आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तपासणीला नेलेला. त्या जागी नुसती ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड झाकणारी चकती, लावलेली, गॅस रोखेल इतकी घट्ट नव्हे. संध्याकाळी पाळी बदलली. व्हॉल्व्ह जागेवर नाही, हे रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोचलंच नाही. रात्री चालू पंप बंद पडला. त्यांनी तो दुरुस्तीतला पंप सुरू केला. फ्लँजमधून गॅस सुटला, स्फोट झाला. १६७ माणसं गेली. पुढे लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून १०६ शिफारशी आल्या. आज मी कामाचं जे परमिट हातात धरते, पाळी बदलताना समोरासमोर उभं राहून जी यादी वाचून दाखवते, त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे.

परवाचंच सांगते. एका कॉलममध्ये, म्हणजे उंच उभ्या टाकीत, आत उतरायचं होतं. दाराशी गॅस टेस्टचा कागद लावलेला, ऑक्सिजन २०.९ टक्के, बाहेरच्या हवेइतका, बाकी सगळं शून्य. खरं वेळ सकाळी सहाची, आणि मी पोचले दहाला. मधल्या वेळात शेजारच्या लाइनवर नायट्रोजन सोडल्याचं मला कळलं होतं, आणि तो आत शिरला तर ऑक्सिजन घटतो. मी म्हटलं, परत टेस्ट करा. मीटरवाला दुसरीकडे होता. पाऊण तास गेला. बाहेर सहा माणसं ताटकळत, शिफ्टचा माणूस घड्याळाकडे बघतोय, माझ्याकडे बघत नाहीये. टेस्ट झाली. २०.९. काहीच निघालं नाही.

तरी उद्या तशीच वेळ आली तर मी परत थांबवणार. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात ना? कंदील विझला नाही म्हणून कुणी म्हणत नाही की उगाच सोडला. आजीच्या माहेरी, ती सांगते ना, एक उतरला तो वर आला नाही, त्याला काढायला भाऊ उतरला, तोही गेला. कमी ऑक्सिजनने दम लागत नाही, खोकला येत नाही, माणूस नुसता खाली बसतो. ते तिला आम्हा इंजिनिअरांच्या आधी माहीत होतं.

तू म्हणालास, आपण येळ्ळूरचे, मराठी शाळेतले, तिकडे इंग्रजीपुढे टिकणार कसे. इंग्रजी लागतं. रिपोर्ट इंग्रजीतच लिहावे लागतात, आणि ते लहान, सरळ वाक्यांत लिहायला शिक. खरं ऐक. मचाण बांधणाऱ्यांत विजयपूरकडचा एक माणूस आहे. हायड्रोजन सल्फाइड या विषारी गॅसबद्दलचं टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीचं सुरक्षेचं बोलणं, झालं, सगळ्यांनी माना हलवल्या, सह्या केल्या. तो मला नंतर भेटला आणि कन्नडमध्ये म्हणाला, वास आला की पळायचं, एवढंच ना? मी तिथेच थांबले. शाळेत ज्या कन्नडच्या तासाला तू आणि मी तोंड वाकडं करायचो, त्या कन्नडमध्ये त्याला सांगितलं, "मूगन्नु नंबबेडी", नाकावर भरवसा ठेवू नका. कुजक्या अंड्याचा वास येतो तो थोड्या गॅसला. १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास गेला की नाकच मरतं, वास येणं बंद होतं, आणि माणसाला वाटतं गॅस गेला. छातीवरचा मीटर वाजला की पळायचं, वाऱ्याला आडवं, मग वाऱ्याच्या उगमाकडे. त्याने हे सगळं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात हिंदी, कागदावर इंग्रजी, असं आपण सीमेवरची पोरं न शिकवता शिकतो. इथे ते कुठल्याही सर्टिफिकेटाइतकं उपयोगी पडतं.

तेल संपणार, गाड्या विजेवर जाणार, मग या धंद्यात यावं का, हाही तुझा प्रश्न होता. धंदा वर-खाली होतो, हे मी लपवणार नाही. २०१४ च्या मध्यात तेलाचं पिंप शंभर डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या जानेवारीत तीसच्या खाली. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेतला वायद्याचा भाव शून्याखाली ३७ डॉलर गेला. त्याच वर्षी मला बिनपगारी घरी बसवलं होतं. तुला आठवतं, मी बाबांबरोबर फौंड्रीत जात होते आणि रात्री गंजाची पुस्तकं वाचत होते. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय नवी मोटारसायकल घेऊ नकोस. पण दाब सांभाळणारी टाकी, वेल्ड, गंज, तडा यांचं ज्ञान तेलापुरतं नसतं. ओमानच्या सरकारने २०२२ साली हायड्रोजनसाठी हायड्रोम ही कंपनी काढली, २०५० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं, ठरवलंय. हायड्रोजनलाही पाइपच लागणार, आणि तो पोलादाला तडकवतो. मोजणारं कुणीतरी हवंच.

तर आता तू असं कर. सहा महिने बाबांच्या फौंड्रीत जा, नाहीतर उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये. पगार किती ते बघू नकोस, राहायला घर आहे, जेवायला आईच्या हातचं आहे. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हाताला बसू देत. ड्रॉइंग वाचायला शिक, कॉलेजातलं नाही, तेल लागलेलं, कोपरे फाटलेलं. वेल्डरशेजारी उभा राहा आणि त्याला विचार की हा सांधा वाईट झाला हे त्याला कशावरून कळतं. फ्रेशरला घेणारी इन्स्पेक्शनची कामं पुण्याला असतात, हजिरा-जामनगरकडे असतात. मी दोघा-तिघांना विचारून ठेवलं आहे. तिथे दोन वर्षं काढ, मग एपीआय ५७० चा फॉर्म भर, त्याची फी मी देईन. ते दीड लाखाच्या कितीतरी आत आहे.

आणि रोज वही लिही. काय बघितलं, कुठे बघितलं, कोणत्या नंबराचं, काय कळलं नाही. 'कळलं नाही' हे लिहायला लाजू नकोस. इथे नवा इंजिनिअर घेताना मी मुद्दाम एक प्रश्न असा विचारते, ज्याचं उत्तर त्याला येणं शक्य नाही. जो ठोकून देतो त्याला मी घेत नाही.

आईला सांग, इथे आता उन्हाळा सरलाय, सकाळी बरं असतं. गेल्या आठवड्यात ओमानी हलवा खाल्ला, चांगला असतो, केशर-वेलचीचा, खरं आपल्या बेळगावच्या कुंद्याची आठवण आणखी वाढली. शटडाऊन संपला की जानेवारीत येते. मस्कतहून गोव्याला विमान, आणि तिथून चोर्ला घाटाने. रात्र झाली तर घाटात येऊ नका मला न्यायला, मी गाडी करून येईन.

सुगी आटोपली काय? बासमती किती पोती झाली, आणि त्या रानात मसूर पेरली का, ते लिही. आजीच्या गुडघ्याचं तेल मी पाठवलंय, मिळालं का तेही. आणि बाबांच्या जुन्या वह्यांपैकी एक मागून घे, कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत, आणि ते कसं लिहितात ते बघ. मग तुझ्या वहीचं पहिलं पान झालं की फोटो काढून पाठव.

तुझी,
आक्का