फोंड्याच्या फार्मसीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण तुमच्याकडे औषधे घेणाऱ्यांना चार ओळींतच कळेल की हे पत्र कोणाला आहे.

जूनमध्ये मी आले तेव्हा पाऊस कोसळत होता. आईच्या डोळ्यांत कित्येक महिने चुरचुर होती. वाळू गेल्यासारखे वाटायचे, पोथी वाचताना सारखे डोळे मिटून बसायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवली. ती पाच मिलिमीटरही भिजली नाही. रक्तात ड जीवनसत्त्व निघाले ११. २० च्या खाली म्हणजे कमतरता. थेंब मिळाले आणि सोबत ६०,००० युनिटांची कॅप्सूल, आठवड्याला एक.

मी ती रोज दिली. पाकिटावर तुम्ही स्वतःच्या हाताने ‘आठवड्यातून १’ लिहिले होते, तरी दिली. कमी आहे तर लवकर भरून काढू, एवढेच डोक्यात होते. चार दिवसांत स्ट्रिप संपली आणि पाचव्या दिवशी मी दुसरी मागायला आले. धाकटीसाठी ड जीवनसत्त्वाचे सिरपही हवे होते. थोरल्याला चष्मा लागला, निदान हिला तरी लागू नये म्हणून.

तुम्ही तारीख पाहिलीत, हातातली स्ट्रिप परत खणात ठेवलीत आणि मला स्टूल दिलेत. मागे गिऱ्हाइके खोळंबली होती.

ड जीवनसत्त्व जास्त झाले की लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठते, हे मला तेव्हा कळले. मग रक्तातले कॅल्शियम वाढते, तहान लागते, मळमळते, मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात तेच कॅल्शियम साचून पांढरट पट्टा उमटू शकतो. ज्या डोळ्यांसाठी मी धडपडत होते, त्यांनाच. हे ऐकताना माझे हात गार पडले होते, काका. तुम्ही रागावला नाहीत. माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावलात. दुसऱ्या दिवशी आईचे कॅल्शियम तपासले. ठीक निघाले.

सिरपही तुम्ही दिले नाहीत. “पाऊस उघडला की पोरीला मैदानावर सोड,” म्हणालात. नंतर मी वाचले. चीनमधल्या ग्वांगझौच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना दूरचे कमी दिसू लागले होते. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हा गुण ड जीवनसत्त्वाचा असेल, असे मलाही वाटले असते. पण संशोधकांचा कल वेगळा आहे: लख्ख उजेडाने डोळ्याच्या आतल्या पडद्यात डोपामिन सुटते आणि डोळ्याचा गोळा लांबट वाढत नाही. बाटलीतून तो उजेड कसा पाजणार? धाकटी आता रोज संध्याकाळी बाहेर असते, पाऊस नसेल तेव्हा.

आईची कॅप्सूल आता फक्त रविवारी. मासेमारीबंदी उठल्यापासून बांगडे आणि तारले पुन्हा ताटात येतात, त्यातूनही थोडे ड जीवनसत्त्व मिळते. थेंब चालूच आहेत, आणि चुरचुर पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही. पण यंदा चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना कवंडळे, कांगले, सुपारीचे घोस तिने एकेक करून हातात दिले आणि एकदाही पदराने डोळे पुसले नाहीत.

त्या दिवशी माझ्याकडून तुमच्या गल्ल्यात एक रुपया पडला नाही. नेवऱ्यांचा डबा बाजूला काढून ठेवला आहे. दुकान बंद केल्यावर घरी या, आई वाट पाहते आहे.

तुमची,
स्टुलावर बसवलेली ती बाय