हिरवं पान राहू दे, माप सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत परत एकदा 'व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करा, घर चकाचक' छाप टिप्स आल्या आणि वर मथळा काय तर 'पर्यावरणपूरक स्वच्छता'. म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. अहो, व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली, दोघं एकत्र आले की फसफस होते, बघायला मजा येते, पण ती फसफस कार्बन डायऑक्साइडची असते आणि ती बसली की भांड्यात उरतं सोडियम ॲसिटेट मिसळलेलं पाणी. त्याने काय डोंबल साफ होणार? वेगवेगळे वापरा ना, दोन्ही कामाचे आहेत, व्हिनेगर नळावरचे पांढरे क्षार काढतं, सोडा हलकं घासायला आणि वास घालवायला बरा. पण एकत्र केले की दोघंही वाया. आणि यातली काळजीची गोष्ट वेगळीच आहे, लोकांना एकदा मिसळायची सवय लागली की उद्या कुणीतरी बाथरूममध्ये ब्लीचमध्ये व्हिनेगर ओतणार, त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि अमोनियावालं क्लीनर ओतलं तर क्लोरामाइन, तोही विषारीच. बंद बाथरूममध्ये हा जिवाशी खेळ आहे. ही धोक्याच्या सूचनेची चौकट टिप्सच्या शेजारी कधीच का नसते?

पण माझा मुद्दा एवढाच नाही. कपडे धुण्याच्या आणि घर पुसायच्या वस्तूंमध्ये 'सस्टेनेबल' म्हणून जे काही चाललंय त्याबद्दल छापून येतं ते सगळं बाटलीच्या रंगावरून. बाटली फिकट हिरवी, वर एक पान, 'निसर्गातून' असं काहीतरी लिहिलेलं, झाली ती पर्यावरणपूरक. खरे बदल जे झाले ते गिऱ्हाइकाला दिसलेसुद्धा नाहीत. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे ढीग तरंगायला लागले होते, कारण तेव्हाच्या डिटर्जंटमधल्या रेणूची साखळी फाटे फुटलेली होती आणि जंतूंना ती तोडता येत नव्हती. मग १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा केला आणि दशकाच्या मध्यापर्यंत तिकडच्या कंपन्या सरळ साखळीच्या रेणूवर आल्या, तोच 'लास' (LAS, लिनिअर अल्किलबेन्झिन सल्फोनेट) आजही पावडरींमध्ये सर्रास असतो. नंतर फॉस्फेट. ते पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले क्षार, मारायला घालायचे, काम झकास करायचं, पण तळ्यात गेलं की शेवाळाची चंगळ आणि मग पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे मरायचे. त्याच्या जागी झिओलाइट नावाचं खनिज वगैरे आलं, आणि युरोपियन युनियनने २०१३ पासून घरगुती लाँड्री डिटर्जंटमध्ये एका धुण्यामागे अर्धा ग्रॅम फॉस्फरस ही मर्यादाच घालून टाकली. यातलं काहीही बाटलीवर हिरवं पान छापून झालं नाही, कायदा आला किंवा येणार असं दिसलं म्हणून झालं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे गरम पाणी. मशीनमध्ये गरम पाण्याने कपडे धुतले तर विजेचा सगळ्यात मोठा वाटा पाणी तापवायलाच जातो, ड्रम फिरवायला त्यामानाने फार कमी लागते. म्हणजे ६० अंशाचं धुणं ३० वर आणलं तर जेवढा फायदा होतो तेवढा कुठलीही बाटली बदलून होणं कठीण आहे, आणि हे शक्य झालं एन्झाइममुळे, म्हणजे डागाचे रेणू तोडणाऱ्या जैविक पदार्थांमुळे. प्रोटीएज रक्ताचे, घामाचे, म्हणजे प्रथिनांचे डाग तोडतं, अमायलेज पिठाचे, लायपेज तेलकटपणा. एन्झाइम धुण्यात वापरायची कल्पना जुनीच आहे, जर्मनीत ओटो रोम यांनी १९१३ मध्ये प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेलं एन्झाइम घालून बघितलं होतं, पण आत्ताची एन्झाइम मोठमोठ्या टाक्यांमध्ये जंतूंकडून आंबवून घेतात आणि ती कमी तापमानालाही काम करतात. माझ्या मते धुण्याच्या धंद्यातली खरी क्रांती ही आहे, आणि ती पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात 'एन्झाइम्स' एवढ्या एका शब्दात बसवलेली असते. (रेशीम आणि लोकर मात्र प्रोटीएजपासून लांब ठेवा, तीही प्रथिनंच.)

जे हाताने गार पाण्यातच धुतात त्यांना हा तापमानाचा हिशोब लागूच नाही, हे खरं. त्यांच्यासाठी प्रश्न येतो मापाचा आणि पाण्याचा, आणि हा प्रश्न मशीनवाल्यांनाही सुटलेला नाही. पावडरीत कित्येकदा सोडियम सल्फेट असतं, ते धूत काहीच नाही, नुसतं फिलर, आकार वाढवायला आणि पावडर मोकळी राहायला. लिक्विडमध्ये बरंचसं पाणी. म्हणजे ट्रकमधून आपण पाणी आणि मीठ हिंडवतोय. जपानमध्ये काओ कंपनीने १९८७ मध्ये 'अटॅक' नावाची घट्ट पावडर आणली, एका धुण्याला चमचाभर पुरायची, खोकं एवढंसं, तरी ती तुफान चालली. अमेरिकेत वॉलमार्टने २००७ मध्ये जाहीर करून पुढच्या वर्षापर्यंत साधं पातळ लिक्विड डिटर्जंट विकणंच बंद केलं, फक्त काँसन्ट्रेटेड, आणि मग बाकीच्या बाजारालाही तिकडे वळावं लागलं.

पण घट्ट माल आला की माप जास्तच चुकतं! बाटलीचं झाकण हातात घेऊन बघा एकदा. आत एक, दोन, तीन अशा रेषा असतात, त्याच रंगाच्या प्लास्टिकमध्ये जेमतेम उठलेल्या, वर निळं लिक्विड ओतलं की दिसतच नाहीत, आणि तीन नंबरची रेषासुद्धा झाकणाच्या अर्ध्यावर. वरचं अर्धं झाकण कशासाठी आहे मग? माणूस झाकण भरूनच ओतणार ना, आणि फेस कमी दिसला की अजून थोडं. फेसाचा आणि सफाईचा काही संबंध नाही हो, फ्रंट लोड मशीनच्या डिटर्जंटमध्ये तर फेस मुद्दाम मारलेला असतो. जास्त ओतलेलं कपड्यातच राहतं. खात्री करायची तर धुतलेला टॉवेल घ्या, साबण-बिबण काही न घालता कोमट पाण्यात बुडवून चांगला पिळा, पाणी गढूळ झालं, बुडबुडे आले, तर ते मागच्या धुण्यांचं साठलेलं आहे. असा टॉवेल कडक होतो, पाणी नीट टिपत नाही, मग आपण सॉफ्टनर आणतो, तो धाग्यांवर अजून एक थर चढवतो, टॉवेल अजूनच कमी पाणी टिपतो. एका बाटलीचा त्रास घालवायला दुसरी बाटली!

नवीन आलेल्या पॉड्स (एका धुण्याचं डिटर्जंट भरलेल्या छोट्या पिशव्या) आणि शीट्सचं (डिटर्जंटचे कागदासारखे पातळ तुकडे) कौतुक मी अर्धवटच करेन. माप ठरलेलं, पाणी वाहून न्यावं लागत नाही, शीटला प्लास्टिकची बाटलीही नाही, हे सगळं चांगलंच आहे. पण पॉडची पिशवी आणि बऱ्याच शीट्स पॉलीव्हिनाइल अल्कोहोल या प्लास्टिकच्याच जातीतल्या पदार्थाच्या असतात. ते पाण्यात विरघळतं, पण विरघळलं म्हणजे नाहीसं झालं असं नाही, त्याला तोडणारे जंतू जिथे आहेत तिथे, म्हणजे नीट चालणाऱ्या सांडपाणी प्रकल्पात ते मोडतं, प्रकल्पच नसेल तर काय यावर वाद चालू आहे. 'प्लास्टिकमुक्त' असा मोठा शिक्का मारून मोकळं होणं मला पटत नाही. लहान मूल घरात असेल तर पॉड तर वर कुलपातच ठेवा, चॉकलेटसारखे दिसतात.

सुगंधाचं तर विचारूच नका. 'आठवडाभर ताजेपणा' म्हणतात ना, तो बऱ्याचदा बारीक बारीक कुप्यांमध्ये भरलेला असतो, कपडा घासला की फुटतात, आणि त्या कुप्यांची कवचं बहुतेक प्लास्टिकची. युरोपने २०२३ च्या नियमात मुद्दाम घातलेल्या मायक्रोप्लास्टिकवर बंदी आणलीय, त्यात या सुगंधी कुप्यांना २०२९ पर्यंत मुदत दिलीय. आणि 'शुभ्रतेपेक्षा शुभ्र' करणारं ऑप्टिकल ब्राइटनर, ते मळ काढतच नाही, अतिनील प्रकाश घेऊन निळसर प्रकाश फेकतं, आपल्याला पांढरं वाटतं. यावर नदी-नाल्यांचं पाणी का खर्ची घालायचं?

आणि सगळा दोष साबणावर टाकूनही चालणार नाही. पॉलिस्टर, ॲक्रिलिकचे कपडे धुताना धागे सुटतात, तेही मायक्रोप्लास्टिकच, इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात सहा किलो ॲक्रिलिकच्या एका धुण्यातून सात लाखांवर तंतू निघू शकतात असं आलं होतं. इथे बाटली कितीही हिरवी असली तरी उपयोग शून्य. मशीन भरून लावा, गार पाणी, छोटी सायकल, फिल्टर मिळत असेल तर बसवा. नाजूक कपड्यांची जी सायकल असते ती जास्त पाणी घेते आणि त्यामुळे उलट जास्त तंतू सोडते, हे न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलंय.

'नैसर्गिक' शब्दावर तर माझा राग आहे. पाम तेलापासून केलेला सरफॅक्टंट (म्हणजे मळ सोडवणारा मुख्य घटक) नैसर्गिकच म्हणवतो, त्यासाठी जंगल कापलंय का हे पानावर कुठे लिहिलेलं असतं? रिठ्यात सॅपोनिन असतं, फेस येतो, हलक्या कपड्याला ठीक आहे, तेलकट डागाला नाही पुरत. त्यापेक्षा साखरेपासून आंबवून केलेले रॅम्नोलिपिडसारखे सरफॅक्टंट आता कारखान्यात निघायला लागलेत, सहज विघटन होतं, त्यांच्याबद्दल छापा की जरा.

तेव्हा पुढच्या वेळी अशी वस्तू छापाल तेव्हा कंपनीला विचारा की एका धुण्याला नेमकं किती मिलिलिटर लागतं, जड पाण्यात किती, गार पाण्यात चालतं का, आणि आतले सगळे घटक नावासकट छापता का. उत्तर आलं नाही तर 'कंपनीने उत्तर दिलं नाही' असंच छापा, बाकी आम्ही वाचक समजून घेऊ. आणि ती ब्लीचची चौकट मात्र येत्या अंकातच टाका, ठळक अक्षरात, टिप्सच्या वर.

आपली,
एक नियमित वाचक