शेवंती उपटू नकोस

नाशिक,
जानेवारी

प्रिय माधवी,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. शेवंतीच्या कुंड्या रिकाम्या करू नकोस! फुलं सुकली, पानं करपली, म्हणून झाड गेलं असं नाही. बुडाशी माती जरा बाजूला सार. मुळांजवळून बोटभर हिरवे कोंब वर येताना दिसतील. त्याच काश्या. पुढच्या हंगामाची फुलं त्यांनाच येणार आहेत.

वाळलेल्या फांद्या मातीपासून चार-पाच बोटांवर धारदार कात्रीने काप. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मखमलाबादच्या द्राक्षबागा कशा बोडक्या दिसतात, ते तू लहानपणापासून पाहत आलीस. मग इथे हात का आखडतेस? कापल्यावर कुजलेलं शेणखत घाल, पाणी बेताचं ठेव आणि उन्हाळ्यात कुंड्या दुपारच्या सावलीत सरकव.

पावसाच्या तोंडावर काश्या मुळांसकट सोडवून वेगवेगळ्या लाव. मधला जुना, लाकडासारखा झालेला गड्डा ठेवू नकोस. रोप वीतभर झालं की शेंडा खुड, आणि हे काम टाळू नकोस. कोवळं टोक नखाने सहज तुटतं, खालच्या पानांच्या बेचक्यांतून नवे फुटवे निघतात. ते वाढले की त्यांचेही शेंडे खुड. असं केलं नाही तर एकच उंच काडी होते आणि वर मोजकी फुलं. नागपंचमीच्या सुमारास मात्र थांबायचं. पुढे रात्री मोठ्या होत जातात, तशी शेवंती कळी धरते. तेव्हा खुडलंस तर कळ्याच तुटतील.

तुझ्या गॅलरीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे ना? शेवंतीला रात्री सलग अंधार लागतो. उजेड पडत राहिला तर झाड नुसतं वाढतं, कळ्या यायला उशीर होतो. पावसाळा सरत आला की कुंड्या मागच्या अंगणात ने. तिथे सकाळचं ऊनही चांगलं आहे.

पाणी बुडाशीच घाल, पानं भिजवलीस की डाग पडतात. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसला तर आधी पाण्याच्या धारेने धुऊन काढ, तरी राहिला तर साबणाच्या पाण्यात थोडं कडुनिंबाचं तेल घालून फवार.

तुझ्याकडच्या शेवंतीची जात कुठली, पिवळी झिप्री की पांढरी रेवडी, ते कळव. पांढरी असेल तर जूनमध्ये येताना दोन काश्या ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्यासाठी आण. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
सुनंदा